डोळे उघडे, पण अंग हलेना : झोपेतला लकवा म्हणजे काय, आणि घाबरून का जाऊ नये

केळशी (ता. दापोली, जि. रत्नागिरी) : पहाटेची वेळ. बाहेर माडांच्या झावळ्यांचा आवाज, त्याच्यामागं दर्याची गाज. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला जाग येते. छताचा पंखा दिसतो, शेजारी झोपलेली लहान बहीण दिसते. उठायला जाते तर हात उचलत नाही. पाय हलत नाहीत. अम्मीला हाक मारायची आहे, पण आवाज घशातच अडकतो. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं जड वाटतं. दाराजवळ काळी सावली उभी आहे असं वाटतं आणि ती जवळ येते आहे असंही वाटतं. मग एकाएकी अंग सुटतं, ती दचकून उठून बसते. सगळं अंग घामानं भिजलेलं.

सकाळी घरात ही गोष्ट निघते. दादी म्हणते, "कायतरी दाबलंन तुला." शेजारची खाला म्हणते, "मगरिबच्या वेळेला केस मोकळे सोडून वाडीत गेली असेल." कुणी एखाद्या बाबाचा पत्ता सांगतं. मुलगी गप्प राहते आणि त्या दिवसापासून तिला रात्रीचीच भीती वाटू लागते.

ही गोष्ट एका मुलीची नाही. केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, बाणकोट असं कुठलंही गाव घ्या, मोहल्ल्यात चार घरांत विचारलंत तर निदान एका घरात असा अनुभव आलेला माणूस भेटेल. मुंब्र्यात, कौशात किंवा आखातातल्या कामगारांच्या खोलीत विचारा, तिथंही भेटेल. वैद्यकशास्त्र याला स्लीप पॅरालिसिस म्हणतं. मराठीत निद्रा-पक्षाघात किंवा झोपेतला लकवा म्हणता येईल. नाव भीतीदायक असलं तरी खऱ्या लकव्याशी याचा काही संबंध नाही. एकटा येणारा असा झटका शरीराला इजा करत नाही. इजा होते ती बहुतेक वेळा त्यानंतरच्या भीतीनं आणि त्या भीतीपोटी केलेल्या चुकीच्या उपायांनी. म्हणून ही माहिती घरातल्या सगळ्यांनी, खास करून आईवडिलांनी आणि तरुण मुलामुलींनी वाचावी.

शरीरात नेमकं काय होतं?

आपली झोप सगळी एकसारखी नसते. रात्रभरात झोपेच्या साधारण दीड-दीड तासाच्या चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आधी हलकी, मग गाढ झोप आणि शेवटी एक वेगळीच अवस्था येते. तिच्यात बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळं भराभर फिरत असतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी ही अवस्था जगापुढं मांडली. तिला रेम झोप म्हणतात. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात. मोठ्या माणसाच्या एकूण झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या झोपेचा असतो.

आता कल्पना करा, स्वप्नात आपण धावतो, पोहतो, कुणाशी भांडतो. हातपाय खरोखरच तसे हलले असते तर माणूस झोपेतच खाटेवरून पडला असता किंवा शेजारच्याला मारून बसला असता. असं होऊ नये म्हणून शरीरात एक बंदोबस्त आहे. रेम झोप सुरू झाली की मेंदूच्या तळाकडचा, मणक्याला जोडलेला भाग खाली संदेश पाठवतो आणि हातापायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा काही वेळ शांत करतो. ग्लायसिन आणि गाबा ही मेंदूतली दोन रसायनं हे काम करतात. जणू गाडी उतारावर उभी करताना हॅंडब्रेक ओढावा तसं. डोळे फिरवणारे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा मात्र या बंदोबस्तातून सोडलेले असतात. म्हणून श्वास चालू राहतो.

रोज रात्री आपल्या सगळ्यांचं शरीर असं अनेकदा 'बंद' होतं. आपल्याला कळत नाही, कारण तेव्हा आपण झोपेत असतो. जाग येते त्याच क्षणी हा ब्रेकही सुटतो. कधी कधी मात्र दोन्हींची वेळ चुकते. जाणीव आधी जागी होते आणि ब्रेक सुटायला थोडा उशीर लागतो. डोळे उघडतात, खोली दिसते, कानावर आवाज येतात, पण अंग अजून झोपेच्या ताब्यात असतं. हाच झोपेतला लकवा. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत तो टिकतो आणि आपोआप सुटतो. कुणी हात लावला किंवा मोठ्यानं नाव घेऊन हाक मारली तर बहुतेक वेळा लगेच सुटतो.

रेम झोपेचे टप्पे रात्रीच्या शेवटच्या भागात लांबत जातात. त्यामुळं पहाटे, फजरच्या आसपास किंवा फजर पढून पुन्हा झोपल्यावर असा अनुभव येण्याची शक्यता जास्त. पहाटेच्या वेळेला यात काही गूढ नाही. ती झोपेचीच वेळ आहे.

मग छातीवर कोण बसतं? दारात कोण उभं असतं?

हा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही, कारण खरी भीती इथंच आहे. ज्याला अनुभव आला त्याला "तुला भास झाला" एवढंच सांगितलं तर त्याचं समाधान होत नाही. त्यानं जे पाहिलं ते त्याच्यासाठी खरंच दिसलेलं असतं.

पहिली गोष्ट छातीवरच्या दाबाची. श्वासाचा मुख्य पडदा काम करत असतो, पण रेम झोपेत छातीच्या फासळ्यांमधले मदतनीस स्नायू सैल पडलेले असतात आणि श्वास उथळ चालतो. माणूस घाबरतो, मोठा श्वास घ्यायला जातो, पण ते स्नायू हुकूम ऐकत नाहीत. मेंदूला वाटतं, कुणीतरी छाती दाबून धरली आहे. उताणं झोपलं असेल तर हे आणखी जाणवतं.

दुसरी गोष्ट सावलीची. रेम झोपेत मेंदूतलं भीतीचं केंद्र खूप जागं असतं. अंग हलत नाही म्हटल्यावर ते धोक्याची घंटा वाजवतं आणि मेंदू धोका शोधू लागतो. त्यातच स्वप्नाची यंत्रणा अजून पूर्ण बंद झालेली नसते. मग दारामागं टांगलेला कपडा, खिडकीतून पडलेली माडाची सावली, पंख्याची घरघर या सगळ्यातून स्वप्न एक आकृती उभी करतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले संशोधक जे. ॲलन चेन यांनी असे हजारो अनुभव गोळा करून त्यांचे तीन गट पाडले. पहिल्यात कुणीतरी खोलीत आलं आहे असं वाटतं. दुसऱ्यात छातीवर दाब येतो आणि गळा आवळल्यासारखं होतं. तिसऱ्यात आपण तरंगतो आहोत, खाली पडतो आहोत किंवा अंगातून बाहेर निघतो आहोत असं वाटतं.

अनुभव जगभर जवळपास सारखाच आहे. बदलतं ते त्या सावलीचं नाव. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे जणू लोखंडात जखडून टाकणं. तुर्कस्तानात कराबसान म्हणतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी म्हातारी चेटकीण छातीवर बसली असं म्हणतात. अरबीत जासूम आणि काबूस हे शब्द आहेत. आपल्याकडं कुणी जिन्न म्हणतं, कुणी असर. ज्याच्या घरात लहानपणापासून जी गोष्ट ऐकली, तीच आकृती त्याला अंधारात दिसते.

हजार वर्षांपूर्वीचे मुसलमान हकीम काय म्हणत होते?

काबूस हा शब्द आपल्या हकिमांना हजार वर्षांपासून माहीत आहे. दहाव्या शतकात बुखाऱ्याकडचे हकीम अल-अखवैनी यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी 'हिदायतुल मुतअल्लिमीन' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात काबूसवर वेगळं प्रकरण आहे. पोटातल्या वाफा मेंदूकडं चढल्यानं हे होतं असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी त्यावर इलाज सांगितले. इब्न सिना यांनीही 'अल-कानून फित्तिब्ब' या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात काबूसची चर्चा मेंदूच्या आजारांमध्ये केली आहे.

वाफांचं कारण आज कुणी मानत नाही. पण ते दोघं मुसलमान होते, आणि रुग्ण समोर आल्यावर त्यांनी कारण शरीरात शोधलं आणि इलाज सांगितला. जिन्न आहेत यावर ईमान असणं एक गोष्ट आहे आणि घरातला प्रत्येक त्रास जिन्नानंच दिला असं ठरवून टाकणं दुसरी. पहिली अकीद्याची बाब आहे. दुसरी हा नुसता अंदाज आहे, आणि अंदाजावर कुणाच्या मुलीचं आयुष्य टांगणीला लावू नये.

भीतीच त्रास कसा वाढवते

बालांद जलाल आणि डेव्हन हिंटन या संशोधकांनी इजिप्त आणि डेन्मार्क या दोन देशांतल्या लोकांच्या अनुभवांची तुलना केली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका दोन्हीकडं येत होता. पण इजिप्तमधल्या लोकांना तो जास्त वेळा येत होता, जास्त वेळ टिकत होता आणि आपण आता मरणार ही भीती त्यांना कितीतरी जास्त वाटत होती. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात कैरोमधल्या अनुभव आलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी यामागं जिन्न असल्याचं मानलं. डेन्मार्कमध्ये बहुतेकांनी थकवा, ताण किंवा वेडंवाकडं झोपणं अशी कारणं सांगितली.

संशोधकांच्या मते ही साखळी अशी चालते. हल्ला होतो आहे असं मानलं की भीती वाढते. भीती वाढली की मेंदू आणखी जागा होतो, अंग मात्र बंदच राहतं, म्हणून झटका लांबतो. दुसऱ्या रात्री झोपायचीच भीती वाटते, झोप तुटते आणि तुटक्या झोपेमुळं पुन्हा झटका येतो. म्हणजे नेमकी माहिती असणं हा अर्धा इलाज आहे. "हे काय आहे ते मला माहीत आहे, मिनिटभरात सुटेल," एवढं एक वाक्य मनात असलं तरी साखळीतली पहिली कडी तुटते.

कुणाला होतं आणि कधी?

ब्रायन शार्पलेस आणि जॅक्स बार्बर यांनी २०११ मध्ये जगभरातले ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात ३६ हजारांहून जास्त लोकांची माहिती होती. सर्वसाधारण लोकांपैकी शंभरात सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे अठ्ठावीस होतं, आणि मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांमध्ये सुमारे बत्तीस. बहुतेकांना पहिला झटका किशोरवयात किंवा विशीत येतो. एकाच कुटुंबात दोघा-तिघांना होणंही नवल नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासातून यात आनुवंशिकतेचा वाटा दिसला आहे. म्हणून "आईला झालं, आता मुलीला झालं, म्हणजे घरावरच काहीतरी आहे" असं म्हणायची गरज नाही. नाक आणि डोळे जसे आईवर जातात, तशी झोपेची घडणही जाते.

झटका कशानं येतो? सगळ्यात मोठं कारण म्हणजे कमी किंवा तुटक झोप. आपल्या घरांतली उदाहरणं घ्या.

रमजान : तरावीह आटोपून झोपायला उशीर, मध्येच सहरीला उठणं, फजर पढून पुन्हा झोपणं. अर्धी झोप मोडून परत झोपलं की मेंदू कधी कधी थेट रेम झोपेत शिरतो. जपानी संशोधकांनी १९९२ मध्ये याची चाचणी घेतली. सोळा निरोगी माणसांना झोपेतून मुद्दाम उठवून काही वेळानं परत झोपू दिलं. अशा चौसष्ट प्रयत्नांत सहा वेळा झोपेतला लकवा आला. म्हणजे कुठल्याही जागेचा, झाडाचा, वाडीचा संबंध नसताना, प्रयोगशाळेत, फक्त झोप मोडून हा अनुभव घडवता आला.

आखात आणि रात्रपाळी : कुवेत, मस्कत, दोहा, दुबईत पाळ्या बदलत काम करणारे आणि जहाजावर वॉच करणारे यांच्या झोपेचं घड्याळ सतत सरकत असतं. इकडं घरातल्यांचंही तसंच. आखातातलं घड्याळ आपल्या मागं दीड ते अडीच तास चालतं. तिकडं दहाला काम आटोपून फोन येतो तेव्हा इकडं मध्यरात्र झालेली असते. बोलणं संपेपर्यंत एक वाजतो आणि पहाटे मुलांच्या डब्यासाठी उठायचं असतंच.

परीक्षा आणि मोबाइल : बारावीचा अभ्यास, त्यानंतर पांघरुणात मोबाइल, मग दुपारी किंवा असरनंतर लांबलेली झोप. दिवसाच्या अशा अवेळी झोपेतही झटका येतो.

ताण आणि धक्का : घरातला मृत्यू, कर्ज, भांडण, आपत्ती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडचा किनारा झोडपला. घरांवरची छपरं उडाली, बागा आडव्या झाल्या, गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा धक्क्यानंतर झोप नीट लागत नाही, आणि ज्यांनी मोठा धक्का सोसला आहे त्यांच्यात हा त्रास जास्त आढळतो हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

उताणं झोपणं : पाठीवर झोपल्यावर झटका येण्याचं प्रमाण जास्त असतं. झोपण्यापूर्वी वुजू करून उजव्या कुशीवर झोपावं ही नबी करीम (स.) यांची शिकवण सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आली आहे. इशानंतर विनाकारण गप्पा मारत जागणं त्यांना आवडत नसे, हेही हदीसमध्ये आहे. सुन्नत म्हणून या गोष्टी पाळणाऱ्याला झोपेचाही फायदा आपोआप मिळतो.

झटका आला तर त्या क्षणी काय करावं?

१. मनात म्हणा, हा झोपेतला लकवा आहे. मी मरत नाही. श्वास चालू आहे.

२. जोर लावून उठण्याची धडपड करू नका. धडपडीनं घाबराट वाढते आणि छातीवरचा दाब जास्त जाणवतो.

३. सावलीकडं बघत राहू नका. डोळे मिटा आणि लक्ष आत वळवा. मनातल्या मनात आयतुल कुर्सी किंवा पाठ असलेली कुठलीही दुआ, जिक्र सावकाश म्हणा. बालांद जलाल यांनी या त्रासावर एक पद्धत सुचवली आहे. त्यात आधी अनुभवाचा अर्थ बदलणं, मग भीतीपासून मनानं दूर होणं, मग मनाला धीर देणाऱ्या एखाद्या गोष्टीवर लक्ष लावणं आणि अंग सैल सोडणं, असे टप्पे आहेत. २०२० मध्ये इटलीत काही मोजक्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली तेव्हा त्यांचे झटके कमी झाले. अभ्यास लहान होता, पण पद्धतीत धोका काही नाही. मनाला धीर देणारी गोष्ट म्हणून जिक्रासारखं दुसरं काय असणार?

४. श्वास संथ ठेवा. काहींना पायाचा अंगठा किंवा हाताचं एखादं बोट हळूच हलवून पाहिल्यानं अंग सुटतं.

५. अंग सुटल्यावर लगेच त्याच कुशीवर, त्याच जागी झोपू नका. उठून बसा, पाणी प्या, दोन मिनिटं चाला, मग कूस बदलून झोपा. वाईट स्वप्न पडल्यावर अल्लाहची पनाह मागून कूस बदलावी हेही हदीसमध्ये आहेच.

घरातल्या दुसऱ्या माणसानं काय करावं? झोपेतला माणूस डोळे उघडे ठेवून निश्चल पडलेला, कण्हल्यासारखा आवाज करताना दिसला तर खांद्याला हात लावा आणि नाव घेऊन हाक मारा. पाणी तोंडात ओतू नका, थप्पड मारू नका, आणि "काय दिसलं? कोण होतं?" असा उलटतपास घेऊ नका. "झालं, मी इथं आहे," एवढं म्हणा.

पुन्हा होऊ नये म्हणून

मोठ्या माणसाला रोज सात ते नऊ तास झोप लागते, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा. झोपण्याची आणि उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. फजरला उठायचंच आहे, तर झोपण्याची वेळ अलीकडं आणा. रमजानमध्ये रात्री जितकी सलग झोप मिळेल तितकी घ्या आणि जुहरच्या आसपास वीस-तीस मिनिटांचा कैलूला करा. दुपारी दोन-दोन तास ताणून देऊ नका. संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी करा. झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल खोलीबाहेर ठेवा. तंबाखू, मिश्री, सिगारेट झोपेच्या वैरी आहेत. पाठीवर वळण्याची सवय असेल तर पाठीशी उशी लावून झोपा. मनावर ओझं असेल तर ते कुणाजवळ तरी बोला. बहुतेकांचे झटके एवढ्यानंच कमी होतात.

डॉक्टरांकडं कधी जावं?

वर्षातून एक-दोनदा झटका आला तर धावपळ करायची गरज नाही. पण खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

झटके आठवड्यातून अनेकदा येत असतील, झोपायचीच भीती बसली असेल, अभ्यास किंवा काम बिघडत असेल.

दिवसा बसल्या जागी अनावर झोप येत असेल, आणि हसताना किंवा रागावताना एकदम गुडघे ढिले पडत असतील, मान लुळी पडत असेल. हे नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यावर औषधं आहेत.

मोठमोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास थांबणं, सकाळी डोकं जड होणं. हा झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो.

हातापायांना झटके, जीभ चावली जाणं, कपड्यात लघवी होणं, नंतर बराच वेळ गोंधळलेलं राहणं. ही मिरगीची लक्षणं आहेत, झोपेतल्या लकव्याची नव्हेत.

सकाळी उठल्यावर अंगाची ताकद तासन्‌तास परत न येणं. रक्तातलं पोटॅशियम कमी झाल्यानंही असं होतं. कधी आदल्या रात्रीच्या दावतीच्या भरपेट जेवणानंतर किंवा खूप मेहनतीनंतर होतं. ताबडतोब दवाखान्यात न्या.

एकाच बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. हा खरा लकवा आहे. एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. तिथून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि गरज पडली तर रत्नागिरीत तज्ज्ञांकडं जाता येतं. घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. वारंवार झटके येणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर रेम झोप कमी करणारी औषधं देतात. ती स्वतःच्या मनानं घेऊ नका आणि चालू असलेली एकाएकी बंदही करू नका. काही औषधं अचानक थांबवल्यानं झटके उलट वाढतात.

दुआ, दर्गा आणि भोंदू यांतला फरक

केळशीचं नाव घेतलं की हजरत याकूब बाबांचा दर्गा आठवतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी या बाबांचा आदर केला असं परंपरा सांगते, आणि तिथं आजही सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. दर्ग्यावर जाऊन फातेहा पढावी, मन हलकं करावं, घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दम करावा, यानं घाबरलेल्या जिवाला धीर येतो. त्यावर कुणाचा आक्षेप असण्याचं कारण नाही.

गुजरातमधल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात तर याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं. आपल्याकडून कितीतरी लोक तिथं 'असर' उतरवायला जातात. तिथं २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालू झाला. दर्ग्याचे मुजावर आलेल्या माणसासाठी दुआ करतात आणि त्याला तिथल्याच मानसोपचार डॉक्टरांकडं पाठवतात. दोन्ही हात एकमेकांना धरून चालले तर माणूस बरा होतो, एवढं साधं गणित.

घात होतो तो बाजार मांडून बसलेल्यांकडं. हजारो रुपये घ्यायचे, "मुलीवर जिन्न आशिक आहे" असं चारचौघांत सांगायचं, मिरचीची धुरी द्यायची, मारायचं, बांधून ठेवायचं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना दुआ नको होती असं नाही. त्यांना दवाही हवी होती आणि साखळी नको होती.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत किंवा जिन्न उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा सगळ्या धर्मांच्या भोंदूंना सारखाच लागू होतो. दुआ, इबादत, दर्ग्याची जियारत यांना तो हात लावत नाही. मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही मनाई केली आहे.

काही नेहमीचे प्रश्न

यानं माणूस मरतो का? नाही. झटक्यात श्वास आणि हृदय चालूच असतं.

हे वेडेपणाचं लक्षण आहे का? नाही. पूर्णपणे निरोगी माणसांनाही होतं.

पुढं खरा लकवा होईल का? दोन्हींची कारणं वेगळी आहेत. झोपेतल्या लकव्यामुळं खरा लकवा होत नाही.

मुलीच्या लग्नात अडचण येईल का? हा आजार लपवण्यासारखा नाही आणि मिरवण्यासारखाही नाही. उचकी किंवा पायात गोळा येणं जसं, तसंच हे. अडचण येते ती "हिच्यावर काहीतरी आहे" अशी कुजबुज मोहल्ल्यात पसरल्यानं. ती कुजबुज आपल्या ओट्यावर थांबवणं आपल्या हातात आहे.

लहान मुलांना हे सांगावं का? सांगावं. "कधी पहाटे जाग आली आणि हातपाय हलले नाहीत तर घाबरू नकोस, अंग अजून झोपेत असतं, थोड्या वेळानं उठतं," इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं तरी पुरे. पहिला झटका येण्याआधी ज्याला हे माहीत असतं, त्याची भीती निम्मी कमी होते.

म्हणून उद्या सकाळी घरातली मुलगी "रात्री मला कुणीतरी दाबलं" असं म्हणत आली, तर बाबाचा पत्ता शोधण्याआधी तिला जवळ बसवा आणि विचारा, "बेटा, काल किती वाजता झोपलीस?"